ग्रंथालीचा वाचकदिन आणि कीर्ती कॉलेजचा चुरापाव

२५ डिसेंबर आला की आमच्या घरी बाबा सकाळपासून पिशव्या शोधायला लागायचे. कापडी, जाड बंदांच्या, निदान दोन. आई विचारायची, आधी आणलेली वाचून झाली का सगळी? त्यावर बाबा पेपरमध्ये डोकं घालायचे. मग डोंबिवलीहून लोकल, दादरला उतरून चालत चालत कीर्ती कॉलेज. वाटेत पोर्तुगीज चर्चपाशी नवे कपडे घातलेली नाताळची गर्दी आणि त्या गर्दीतून रिकाम्या पिशव्या घेऊन आम्ही, ग्रंथालीच्या वाचकदिनाला.

नवीन पोरांना सांगायला लागतं म्हणून सांगतो, ग्रंथाली पुस्तकं काढायची, अजूनही काढते, पण स्वतःला प्रकाशन म्हणण्यापेक्षा वाचक चळवळ म्हणवून घ्यायचं जास्त आवडायचं त्यांना. १९७४ मध्ये दिनकर गांगल आणि त्यांच्या बरोबरच्या मंडळींनी सुरू केली, पत्रकार बरेच होते त्यात. तेव्हा मराठी पुस्तकाची आवृत्ती म्हणजे हजारभर प्रती, त्याही संपायला वर्षं लागायची, आणि किंमत अशी की मध्यमवर्गीय माणूस दुकानात हाताळून परत ठेवणार. ह्यांनी केलं काय तर वाचकाला आधीच सभासद करून घेतलं, पैसे आधी भरा, पुस्तकं स्वस्तात घ्या. छापायच्या आधीच गिऱ्हाईक पक्कं, त्यामुळे किंमत खाली आणता येते, एवढं साधं गणित.

आता सगळे ग्रंथालीचं नाव घेतात ते दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांसाठी, आणि ते बरोबरच आहे. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं, लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' १९८० चं, त्याला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी मिळालं. नंतर 'आमचा बाप आन् आम्ही', 'कोल्हाट्याचं पोर', ऊर्मिला पवारांचं 'आयदान', यादी लांब आहे. पण मला विचाराल तर खरी करामत त्या सभासद योजनेची. कारण डोंबिवली-पार्ल्याच्या ज्या घरांत कोणी आपणहून दुकानात जाऊन 'बलुतं' मागितलं नसतं, तिथे ते योजनेतलं पुस्तक म्हणून आलं, आणि पैसे भरलेत तर वाचून तरी बघू म्हणून वाचलं गेलं. आमच्याकडे तसंच झालं. आजी ते दुपारी वाचायची आणि मध्येच पुस्तक पालथं ठेवून नुसती बसायची, आणि कोणी काही विचारलं तर चिडायची.

वाचकदिनाला हेच सगळे लोक एका आवारात दिसायचे. परिसंवाद, मुलाखती, कविता, गाणी असं दिवसभर काही ना काही चालू, पण मी लहान असताना माझा मुक्काम पुस्तकांच्या टेबलांपाशी. सुतळीने बांधलेले गठ्ठे यायचे, ब्लेडने सुतळी कापली की वरच्या आणि खालच्या पुस्तकाच्या कव्हरवर सुतळीचा वळ उठलेला असायचा, तेवढ्या दोन प्रती बाबा बाजूला सारायचे आणि मधली घ्यायचे. बिलं फाडणारे सगळे हौशी कार्यकर्ते, नोकऱ्या सांभाळून आलेले, सवलतीचा हिशोब तोंडी करणारे, आणि मधेच हिशोब सोडून 'अहो हे घेऊ नका, त्यापेक्षा ते घ्या' असं सांगणारे! असा विक्रेता मी नंतर कुठल्याही दुकानात पाहिला नाही. एकदा एक गृहस्थ मला खूप आपुलकीने कितवीत आहेस वगैरे विचारत गठ्ठे उचलत होते, ते त्याच गठ्ठ्यातल्या पुस्तकाचे लेखक निघाले.

आणि जेवण? जेवण कसलं, कॉलेजबाहेरचा अशोकचा वडापाव. वडा दुय्यम, त्यातला तो कुरकुरीत चुरा महत्त्वाचा. तिथल्या रांगेत परिसंवादापेक्षा चांगली भांडणं व्हायची. एक काका ह्या आत्मकथनांवरून तावातावाने म्हणायचे, आपल्याच माणसांची लाज अशी चव्हाट्यावर मांडायची का, तर दुसऱ्या बाजूने एक बाई म्हणाल्या, लाज त्यांची कशी हो, ज्यांनी तसं जगायला लावलं त्यांची! काकांनी दोन वडापाव घेतले आणि एक त्यांना दिला, पण मुद्दा सोडला नाही.

पुढे नोकरी लागली, शहर सुटलं, माझं जाणं कमी झालं. बाबा मात्र गुडघे दुखायला लागेपर्यंत जात राहिले. ग्रंथालीची पन्नाशी झाल्याचं कळलं तेव्हा त्यांनी कपाट उघडून सगळी पुस्तकं पलंगावर काढली, आवृत्त्या बघत बसले. 'बलुतं' आहे, पुठ्ठा सुटलाय पण आहे. 'उपरा' नाही. कोणीतरी वाचायला म्हणून नेलं ते परत आलंच नाही, बाबांचा संशय तळमजल्यावरच्या जोशीकाकांवर आहे आणि दिवाळीला ते फराळाला आले की अजूनही विषय निघतो.