अंख: गाठ काढायची, 'जीवन' वाचायचं

इजिप्तच्या देवांच्या हातात वर फासा आणि खाली दांडा असलेली जी वस्तू दिसते, ती अंख. तिला 'नाईलची किल्ली' म्हणतात; पण हे नाव फार नंतरचं, आणि किल्लीशी तिचा काडीचाही संबंध नाही. स्त्री-पुरुष मीलनाचं प्रतीक वगैरे अर्थही आकार पाहून मागाहून चिकटवलेले.

आधी ते अक्षर आहे. समजा, चित्रांनीच मराठी लिहायचं आहे. 'नाव' (माणसाचं) कसं काढणार? होडी काढायची, कारण तिलाही नावच म्हणतात. इजिप्शियन लेखनिकांची युक्ती हीच. 'जगणे' या शब्दात तीन व्यंजनं होती: घशातला 'अ', मग 'न', मग घासून येणारा 'ख'. तीच व्यंजनं असलेली एक वस्तू होती, तिचं चित्र घेतलं.

ती वस्तू कोणती, यावर वाद आहे. इजिप्तच्या चित्रलिपीचे अभ्यासक अॅलन गार्डिनर यांच्या मते चपलेचा पट्टा: फासा घोट्याभोवती, दांडा बोटांकडे. पट्ट्याच्या शब्दात हीच व्यंजनं आहेत, ही या मताची भक्कम बाजू. आरशालाही हाच शब्द होता आणि तुतनखामेन राजाच्या थडग्यात अंखच्या आकाराची आरशाची पेटी सापडली. पण आरशाची तबकडी भरीव, तर अंखचा फासा पोकळ. तिथे आरशाचं मत अडतं. सर्वांत जुन्या काही नमुन्यांत खालचा दांडा दोन पट्ट्यांत फाटलेला दिसतो, म्हणजे मुळात ती कापडाची किंवा दोरीची गाठ असावी. मला हेच जास्त पटतं. इसिस देवीची गाठ म्हणून ओळखलं जाणारं 'त्येत' हे चिन्हही अगदी तसंच, फक्त त्याचे हात खाली वळलेले.

तुतनखामेनच्या नावाच्या चौकटीत अंख शोधताना नवखे हमखास गोंधळतात. चौकट 'अमुन' या देवाच्या नावापासून सुरू होते: बोरू, सोंगट्यांचा पट, पाण्याची लाट. देवाला मान म्हणून त्याचं नाव आधी लिहीत, वाचताना मात्र ते शेवटी. त्याखाली 'तुत', मग अंख. मिळून 'अमुनची जिवंत प्रतिमा'. तळाशी उरतो तो राजाचा किताब, नावाचा भाग नव्हे.

शिल्पांत देव अंख राजाच्या नाकाशी धरतात, तोंडाशी नाही. जीव म्हणजे श्वास, हा त्यातला सरळ अर्थ. अखेनातेन राजाच्या राजधानीत, अमार्नात, सापडलेल्या शिल्पांत सूर्यकिरणांच्या टोकाला हात आहेत आणि ते राजा अखेनातेन आणि राणी नेफर्तिती यांच्या नाकाशी अंख नेतात. अभिषेकाच्या चित्रांत पाण्याच्या थेंबांऐवजी अंखच्या साखळ्याच ओतलेल्या दिसतात.

पुढे इजिप्शियन भाषा लिहायला कॉप्टिक लिपी आली. तीत 'जीवन' ग्रीक वळणाच्या अक्षरांनी 'ओन्ह' असं लिहू लागले आणि गाठ वाचायची गरजच संपली. आकार मात्र इजिप्तच्या ख्रिश्चनांनी ठेवून घेतला, फासा असलेला क्रूस म्हणून.