मत नाही, पण भीती घरपोच

आमचं चेरी हिल न्यू जर्सीत येतं, पण टीव्हीच्या हिशोबात आम्ही फिलाडेल्फियाचे. चॅनेल्स तिकडची, बातम्या तिकडच्या, पावसाचा अंदाज तिकडचा आणि दर चार वर्षांनी निवडणुकीच्या जाहिराती पण तिकडच्या. आता फिलाडेल्फिया ज्यात येतं ते पेनसिल्व्हेनिया म्हणजे १९ इलेक्टोरल व्होट्स (प्रेसिडेंट निवडताना राज्याच्या वाट्याला येणारी मतं) आणि कधी इकडे तर कधी तिकडे जाणारं राज्य, त्यामुळे तिथे पैसा पाण्यासारखा ओततात, आणि न्यू जर्सीने १९९२ पासून दर वेळी डेमोक्रॅट्सनाच दिलंय त्यामुळे आम्हाला काळं कुत्रं विचारत नाही. त्यात मी ग्रीन कार्डच्या रांगेतला. म्हणजे मला मत नाही, माझ्या राज्याला भाव नाही, पण २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात बाजारात जी काय भीती होती ती रोज संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये हजर.

एकदा चार-पाच जाहिराती लागोपाठ बघितल्या की साचा कळतो. विरोधकाचा फोटो काळापांढरा, तोंड अर्धवट उघडं, खाली घुमणारं म्युझिक, आणि एक बाई किंवा बुवा असा आवाज लावून बोलतात की जणू शवविच्छेदनाचा रिपोर्ट वाचतायत. मग शेवटचे तीन सेकंद एकदम रंगीत, ऊन, मुलंबाळं, झेंडा, आणि आपला उमेदवार सांगतो की मी अमुक अमुक, ही जाहिरात मला मान्य आहे. हे वाक्य हौसेने नाही टाकत, २००२ च्या कायद्यापासून ते सक्तीचं आहे. कल्पना अशी होती की स्वतःच्या तोंडाने बोलायला लागलं की माणूस जरा लाजेल. पण सुपर पॅक नावाच्या बाहेरच्या संस्थांना ही सक्ती नाही, त्यांनी फक्त पैसे कोणी दिले ते सांगायचं, आणि ते नाव 'उज्ज्वल भविष्य समिती' छापाचं असतं, त्यातून कोणाला काय कळणार? त्यामुळे घाण काम बाहेरच्यांनी करायचं आणि उमेदवाराने हात वर करायचे ही सोय आपोआप झाली. अजून एक गंमत म्हणजे उमेदवाराची स्वतःची जाहिरात धडधडीत खोटी असली तरी टीव्ही स्टेशनला ती नाकारता येत नाही, कायद्याने दाखवावीच लागते. साबणवाल्याने खोटं सांगितलं तर त्याच्यावर केस होते, इथे नाही.

मी त्या काळात नाद लागल्यासारखा जुन्या जाहिराती बघत बसायचो (बायको म्हणाली, नवीन कमी पडतायत का). त्यात सगळ्यांचा बाप म्हणजे १९६४ ची डेझीवाली. ७ सप्टेंबरच्या रात्री एनबीसीवर सिनेमा चालू होता त्यात लागली, पैसे देऊन एकदाच. एक चिमुरडी फुलाच्या पाकळ्या तोडत मोजतेय, आकडे चुकतायत, सातनंतर परत सहा. नऊवर आली की ती वर बघते, चित्र थिजतं, आणि एक पुरुषी आवाज दहापासून उलटे आकडे मोजायला लागतो, कॅमेरा तिच्या डोळ्यात घुसत जातो, शून्याला अणुस्फोट. मग प्रेसिडेंट जॉन्सन यांचा आवाज, की डाव किती मोठा आहे बघा, आणि शेवटी मतदानाला या, घरी बसणं परवडणारं नाही. बस. समोरचे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर, त्यांचं नाव नाही, फोटो नाही. गरजच नव्हती. त्यांनी १९६३ च्या अणुचाचणी बंदी कराराविरुद्ध मत दिलं होतं, छोटी अण्वस्त्रं वापरायचा अधिकार नाटोच्या सेनापतीला द्यावा असं बोलले होते, ते लोकांच्या डोक्यात आधीच होतं. जाहिरातीने फक्त बटण दाबलं. गोल्डवॉटरच्या लोकांनी आरडाओरडा केला आणि मग बातम्यांमध्ये ती फुकटात परत परत दाखवली गेली, म्हणजे एका जाहिरातीच्या पैशात दहा.

आता यावर माझं मत जरा विचित्र आहे. मला ती जाहिरात क्रूर वाटते, पण अन्यायाची वाटत नाही. भीती कोणाची घातली? उमेदवाराची. तो माणूस स्वतःहून उभा राहिलाय, त्याच्याकडे माइक आहे, पैसे आहेत, उत्तर द्यायला दोन महिने आहेत. प्रेसिडेंटच्या हातात अणुबॉम्ब असतो हे खरंच आहे, त्याची भीती वाटली तर त्यात गैर काय. खरा घोळ होतो तो भीती उमेदवारावरून सरकून शेजारच्या माणसावर गेली की.

१९८८ बघा. डेमोक्रॅट मायकल डुकाकिस जुलैच्या अधिवेशनानंतर गॅलपच्या पोलमध्ये जॉर्ज बुश (थोरले) यांच्या १७ पॉइंट पुढे होते. ते मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर, आणि तिथे कैद्यांना वीकेंडला सुट्टी द्यायची योजना होती. विली हॉर्टन नावाचा जन्मठेपेचा खुनी १९८६ मध्ये असा सुटीवर गेला तो परत आलाच नाही, आणि १९८७ मध्ये मेरीलँडमध्ये त्याने एका बाईवर बलात्कार केला आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याला भोसकलं. घटना भयंकर, त्यावर गव्हर्नरला प्रश्न विचारायलाच हवा होता, कारण खुन्यांना या योजनेतून वगळायच्या विधेयकावर डुकाकिस यांनी १९७६ मध्ये व्हेटो मारला होता. पण योजना मुळात त्यांच्या आधीच्या रिपब्लिकन गव्हर्नरच्या काळातली, हे जाहिरातीत कशाला येईल. बाहेरच्या एका गटाने जी जाहिरात केली तिच्यात व्हेटोची चर्चा नव्हती, तिच्यात हॉर्टनचा चेहरा होता. काळा माणूस, वाढलेले केस, दाढी. बुश यांची माणसं म्हणाली आमचा तिच्याशी संबंध नाही, आणि मग त्यांनी स्वतःची जाहिरात काढली, त्यात कैदी फिरत्या दारातून आत येतात आणि बाहेर जातात, हॉर्टनचं नाव नाही. नावाची गरज पुन्हा नव्हतीच. बुश यांचे प्रचारप्रमुख ली ॲटवॉटर म्हणायचे की आम्ही हॉर्टनला डुकाकिसचा व्हाइस प्रेसिडेंटचा उमेदवारच करून टाकू.

बुश ४० राज्यं जिंकले. ॲटवॉटर मेंदूच्या कॅन्सरने १९९१ मध्ये चाळिशीत गेले, जायच्या आधी त्यांनी या बोलण्याबद्दल जाहीर माफी मागितली. पण तोवर सगळ्या राजकारण्यांनी धडा घेतला होता की परत डुकाकिस व्हायचं नाही. १९९२ च्या जानेवारीत ऐन प्रचारात बिल क्लिंटन प्रचार सोडून आर्कान्सोला परत गेले, मेंदूला जबर इजा झालेल्या एका कैद्याला मृत्युदंड द्यायचा होता, तो थांबवायला नाही तर तो होताना आपण गव्हर्नर म्हणून तिथे होतो हे दिसायला. पुढे १९९४ चा कडक गुन्हेगारी कायदा, तोही डेमोक्रॅट प्रेसिडेंटच्या सहीचा. म्हणजे जाहिरात एका पक्षाची, घाबरले दोन्ही पक्ष, आणि सुक्याबरोबर ओलं जळलं ते भलतंच, ज्यांचा हॉर्टनशी काडीचा संबंध नव्हता अशा काळ्या पोरांचं.

मधल्या निवडणुका पटापट सांगतो कारण त्याच त्याच आहेत. २००४ ला धाकट्या बुश यांची जंगलात लांडगे फिरणारी जाहिरात, आणि त्याच वर्षी त्यांचे व्हाइस प्रेसिडेंट डिक चेनी आयोवात म्हणाले की चुकीची निवड केलीत तर आपल्यावर परत हल्ला होण्याचा धोका आहे. तारीख ७ सप्टेंबर, डेझीला बरोब्बर ४० वर्षं. योगायोगच, पण तारखा जुळल्या की आपल्याला बरं वाटतं. २००८ ला हिलरी क्लिंटन यांनी आपल्याच पक्षातल्या ओबामांविरुद्ध पहाटे तीनचा फोन वाजवला, मुलं गाढ झोपलीयत, व्हाइट हाउसमध्ये फोन वाजतोय, उचलायला कोण हवं? त्यातली झोपलेली एक मुलगी म्हणजे जुनं विकतचं फुटेज होतं, आणि ती पोरगी तोवर मोठी होऊन ओबामांची समर्थक झाली होती, हे मला फार आवडतं.

पण त्याच वर्षीचा एक प्रसंग मी वारंवार बघतो. १० ऑक्टोबर २००८, मिनेसोटातलं लेकव्हिल, ओबामांच्या समोरचे रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांची सभा. पोल्समध्ये मागे पडलेत. एक माणूस उठून सांगतो की ओबामा निवडून आले तर मला भीती वाटते. मॅकेन म्हणतात, ते सभ्य गृहस्थ आहेत, ते प्रेसिडेंट झाले तर घाबरायचं कारण नाही. आणि त्यांच्याच सभेत त्यांचीच माणसं त्यांना हूऽऽ करतात! थोड्या वेळाने लाल कपड्यातल्या एक आजी माइक घेऊन म्हणतात माझा त्यांच्यावर विश्वास नाही, ते अरब आहेत. मॅकेन मान हलवत माइक काढून घेतात, नाही मॅम, ते चांगले कुटुंबवत्सल नागरिक आहेत, माझे त्यांच्याशी मतभेद आहेत एवढंच. आता कोणी म्हणेल की अरब आणि सभ्य माणूस हे काय एकमेकांच्या विरुद्ध आहेत का, आणि त्यांच्याच व्हाइस प्रेसिडेंटच्या उमेदवार सेरा पेलिन आदल्या आठवड्यात ओबामांचं अतिरेक्यांशी मेतकूट आहे असं सभेत सांगत होत्या, ते त्यांनी थांबवलं का? दोन्ही मुद्दे बरोबर. तरी तो चेहरा बघा. आपणच पेटवलेली शेकोटी अंगावर यायला लागल्यावर माणूस कसा दिसतो ते तिथे दिसतं.

२०२४ मध्ये माइक कोणी काढून घेतला नाही. १० सप्टेंबरला फिलाडेल्फियात ट्रम्प-हॅरिस डिबेट, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर, आणि त्याच दिवशी आमच्याकडे गौरी आल्या होत्या, त्यामुळे एकीकडे भाजी-भाकरीचा नैवेद्य आणि एकीकडे टीव्ही म्यूटवर असा प्रकार. म्यूट काढला तेव्हा नेमकं ते कुत्र्यामांजरांचं वाक्य चालू होतं, की ओहायोत स्प्रिंगफील्डला बाहेरून आलेले लोक स्थानिकांची पाळलेली कुत्री-मांजरं खातायत. आम्ही हसलो. अँकरने तिथल्या तिथे सांगितलं की शहर प्रशासन म्हणतंय असा काही पुरावा नाही. ही अफवा ज्या फेसबुक पोस्टवरून पसरली ती शेजारणीच्या ओळखीतल्या कोणाच्या तरी मांजरीबद्दल होती, म्हणजे ऐकीव गोष्टीची ऐकीव गोष्ट.

स्प्रिंगफील्डला मात्र कोणी हसलं नाही. दोन दिवसात बॉम्बच्या धमक्या सुरू, सिटी हॉल रिकामा केला, शाळा रिकाम्या केल्या, कॉलेजं ऑनलाइन, तीसेक धमक्या आणि सगळ्या खोट्या, हे तिथल्या रिपब्लिकन गव्हर्नरनीच सांगितलं. हैतीहून कायदेशीर येऊन तिथल्या कारखान्यात राबणाऱ्या लोकांची पोरं घाबरून घरी. आणि डिबेटच्याच दिवशी, काही तास आधी, स्प्रिंगफील्डच्या नगरसभेत एक बाप उभा राहिला होता. त्याचा अकरा वर्षांचा मुलगा वर्षभरापूर्वी स्कूलबसच्या अपघातात गेला, धडकलेली गाडी हैतीचा एक माणूस चालवत होता. त्या बापाने राजकारण्यांना सांगितलं की माझ्या मुलाचं नाव तुमच्या द्वेषासाठी वापरू नका. ज्याला रागवायचा सगळ्यात जास्त हक्क होता तो हे सांगत होता. पाच दिवसांनी ट्रम्प यांचे व्हाइस प्रेसिडेंटचे उमेदवार जे. डी. व्हॅन्स सीएनएनवर म्हणाले की मीडियाचं लक्ष वेधायला मला गोष्टी रचाव्या लागल्या तर मी रचेन. नंतर सारवासारव केली, पण बोलून गेले.

डेमोक्रॅट्स काय धुतल्या तांदळाचे नाहीत. ट्रम्प फॅसिस्ट आहेत का या प्रश्नावर हॅरिस हो म्हणाल्या, ते मला चालतं, कारण ते उमेदवाराबद्दल आहे आणि मागे ६ जानेवारी २०२१ आहे, ट्रम्प समर्थक संसदेत घुसले तो दिवस. पण २०१६ मध्ये हिलरी यांनी ट्रम्पच्या निम्म्या समर्थकांना एका टोपलीत टाकून नालायक ठरवलं ते नाही चालत, तिथे भीती आणि तिरस्कार उमेदवारावरून उतरून मतदारावर गेला. आणि देणग्यांचे ते मेसेज! आज रात्री १२ च्या आत १५ डॉलर नाही दिलेत तर लोकशाही संपली. दोन्ही पक्षांचे येतात, मला मत नाही हे त्यांच्या कॉम्प्युटरला माहीतच नाही.

याचा परिणाम मला आकड्यात सापडला तो असा. १९६० मध्ये अमेरिकनांना विचारलं होतं की तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी लग्न केलं तर वाईट वाटेल का, हो म्हणणारे शंभरात चार-पाच. २०१० मध्ये रिपब्लिकनांत जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅट्समध्ये एक तृतीयांश. म्हणजे रोटीव्यवहार चालेल, बेटीव्यवहार नाही. हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्या सप्टेंबरात ॲडमिनने 'राजकारण नको' असा फतवा काढला, तर लोकांनी राजकारणासाठी दुसरा ग्रुप काढला, आणि दोन आठवड्यात त्याचे पण दोन झाले. पुण्याहून आई विचारायची, तिकडे दंगली होणारेत म्हणे, डाळ-तांदूळ भरून ठेवलायस ना?

त्या दुसऱ्या ग्रुपवर एकाने मला सुनावलं होतं की मॅकेन एवढे सभ्यपणे वागले, मग हरले का. अहो, १५ सप्टेंबर २००८ ला लीमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाली, लोकांच्या पेन्शनचे पैसे गेले, त्या वर्षी रिपब्लिकन तिकिटावर देव उभा असता तरी पडला असता. आणि १९६४ ला जॉन्सन डेझीच्या आधीच मैलभर पुढे होते, ती जाहिरात नसती तरी जिंकलेच असते. टेक्सासमध्ये गव्हर्नर रिक पेरी यांच्या २००६ च्या प्रचारात संशोधकांनी टीव्ही जाहिराती कुठे कधी लावायच्या ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून मोजलं, तर असर दिसला खरा पण आठवड्याभरात विरून गेला. मतांवरचा असर आठवडाभर, आणि स्प्रिंगफील्डच्या शाळांच्या दारात नंतर पोलीस उभे करावे लागले. त्याने यावर अंगठा टाकला, आणि खाली लगेच कोणीतरी कसलासा व्हिडिओ फॉरवर्ड केला, 'डिलीट व्हायच्या आत बघा'.