शिवणीचा पाळणा

"बारसा परवा असा, झिला. जमात मां?" आजींनी दारातूनच विचारलं आणि मी हो म्हणालो. सकाळी साडेआठला ते खरंही होतं. पाळण्याच्या कठड्याचे २६ कातीव दांडे घासून ओळीने मांडलेले होते. राहिले होते फक्त पॉलिशचे हात, मग जोडणी.

हे लाकूड त्यांच्याच परसातलं. मे २०२१ च्या तौक्ते वादळात शिवणीचं जुनं झाड मुळासकट पडलं. "माझ्या सासऱ्यान लावलेला झाड ता," असं म्हणून आजींनी ते चुलीत जाऊ दिलं नाही. गिरणीवर दोन इंची फळ्या पाडून घेतल्या, टोकांना रंग लावला आणि मध्ये पट्ट्या घालून त्या माळ्यावर रचून ठेवल्या. तीन वर्षांहून जास्त काळ सावलीत वाळलेलं लाकूड गेल्या मार्गशीर्षात, नातीला मुलगी झाल्यावर, माझ्याकडे आलं. अट एकच: रंग नको, वार्निश नको, लाकूड दिसलं पाहिजे आणि दात येताना बाळाने चावलं तरी चाललं पाहिजे. त्यामुळे चपड्याचं पॉलिश ठरलं. चपडा म्हणजे शेवटी लाखच, स्पिरिटमध्ये विरघळवून लावायची. औषधाच्या गोळ्यांवरही तिचा थर असतो. नेहमीचा चपडा तांबूस असतो, म्हणून मी ब्लीच केलेला पांढरा आणला. तो जुना झाला की नीट विरघळत नाही, वाळतही नाही आणि चिकट राहतो. म्हणून आदल्या दिवशी काचेवर थेंब टाकून पाहिला होता. ठणठणीत वाळला होता.

शिवण कातायला फार गोड. पटाशीखालून लांब, मऊ साल निघते आणि रंग ताज्या लोण्यासारखा. पण असं फिकट लाकूड घासताना काही लपवून ठेवत नाही. लेथवर, म्हणजे लाकूड गोल फिरवून कातायच्या यंत्रावर, दांड्याचे रेषे लांबीच्या दिशेने असतात आणि दांडा फिरतो गोल. म्हणजे पॉलिश पेपर नेहमी रेषांना आडवा चालतो आणि प्रत्येक कण एक बारीक कडं कोरत जातो. शिसवीवर ही कडी गडद रंगात बुडून जातात. शिवणीवर चपड्याचा हात दिला की बांगड्यांसारखी वर येतात. म्हणून काकांनी मला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं, की १२० नंबर झाला की लेथ बंद करायचा आणि त्याच नंबरच्या पेपराने हाताने उभं घासायचं, कडी पुसली जाईपर्यंत. मग १८०, पुन्हा बंद, पुन्हा उभं. तसंच २४०, ३२० आणि ४०० पर्यंत. १२० च्या पेपरातला कण ढोबळमानाने मिलिमीटरचा आठवा भाग, ४०० मधला त्याच्या चौथाईच्या आसपास. मधला नंबर गाळला तर मोठ्या कणाची चरी लहान कणाला भरून काढता येत नाही, नुसती झाकली जाते.

पेपर तीन घड्या घालून धरायचा, दांड्याच्या खालच्या बाजूने, म्हणजे धूळ तोंडावर येत नाही आणि बोट अडकलंच तर बाहेर फेकलं जातं. कापड बोटाला गुंडाळून फिरत्या लाकडाजवळ कधीच न्यायचं नाही. हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगतो. वेग कमी ठेवायचा. दाब देऊन घासलं की लाकूड तापतं आणि आडव्या तोंडाला केसासारख्या चिरा जातात.

हे सगळं मी केलं होतं. खिडकीजवळ प्रत्येक दांडा आडव्या उजेडात फिरवून पाहिला होता. वरच्या ट्यूबलाइटखाली सगळंच गुळगुळीत दिसतं. तिरपा उजेडच खरं सांगतो.

पहिल्या १९ दांड्यांवर पातळ हात दिला. स्वच्छ. विसाव्यावर बोळा फिरवला आणि मिनिटभरात दांड्यावर कातलेल्या मण्याच्या खाचेतून जांभळट तपकिरी ओघळ निघाला. वाटलं, बोळा खराब असेल. नवा बोळा घेतला. एकविसाव्यावर तेच. २६ पर्यंत सातही दांडे डागाळले. कुठे ठिपके, कुठे लाकडाच्या छिद्रांतून बारीक रेघा, जणू कोणी शाईचं पेन टेकवून ओढलं होतं.

माझ्या पोटात गोळा आला. आजींचं लाकूड संपलं होतं. माळ्यावर उरलेल्या दोन फळ्यांना गाठी होत्या.

पहिला संशय बुरशीचा. झाड पावसात पडून होतं, फिकट लाकडाला तशी निळसर बाधा होते. पण ती कोरड्या लाकडातही दिसते आणि आत खोल गेलेली असते. हे डाग स्पिरिट लागल्यावरच उठले होते. मग दांड्यांच्या टोकांवरचे पेन्सिलचे आकडे वाचले. १ ते १९ मी सोमवारी घासले होते. २० पासून पुढचे बुधवारी. मंगळवारी त्याच लेथवर शिसवीचे दोन पोळपाट झाले होते.

वाटीत थोडं स्पिरिट घेतलं आणि लेथच्या पलंगावरून, म्हणजे खालच्या बैठकीवरून, चिमूटभर शिसवीची भुकटी त्यात टाकली. बघता बघता स्पिरिट जांभळं झालं.

शिसवीचा रंग स्पिरिटमध्ये विरघळतो, हे मला माहीत होतं. पण तो शिवणीच्या उघड्या छिद्रांत जाऊन दडून बसेल हे ध्यानात आलं नव्हतं. मंगळवारचाच २४० चा तुकडा मी बुधवारी वापरला होता, त्याच्या कणांत शिसव भरलेली होती. वर कॉम्प्रेसरच्या हवेने दांडे साफ केले. हवेने लेथवरची भुकटी उडाली आणि शिवणीत आणखी घुसली.

स्पिरिटने पुसून काढावं म्हणून बोळा उचलला, तेवढ्यात काका आले. चौऱ्याहत्तरीचे, डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही. वाटीकडे पाहिलं, दांडा नखाने चाचपला.

"पुसू नको. आणखी पसरतला. टोका कापलं काय?"

नव्हती कापली. पॉलिश वाळेपर्यंत दांड्याची टोकं कापायची नाहीत, ही त्यांचीच सवय मला लागलेली. टोकांवरच्या लेथच्या पकडीच्या खुणा शाबूत होत्या, म्हणजे दांडा जसा होता तसा पुन्हा लेथवर चढू शकत होता.

आधी सगळं धुतलं. लेथ, हत्यार टेकवायची पट्टी, खिडकीची चौकट, माझे हात कोपरापर्यंत. जुना पेपर एकही ठेवला नाही. मग तिरकस धारेची पटाशी दगडावर लावली आणि दांडा चढवला. घासून डाग काढायचा मोह होतो, पण घासलं की रंगीत भुकटी पुन्हा छिद्रांतच जाते. कापलं की डाग सालीबरोबर बाहेर पडतो. अर्धा मिलिमीटर काढला आणि खालून पुन्हा लोण्याचा रंग आला. मण्यांच्या खाचा कठीण गेल्या. तिथे पटाशीचं फक्त टोक चालतं आणि जरा कलली की साल फाटते. सव्विसाव्यावर एकदा फाटलीच. त्याचा मणी थोडा लहान करावा लागला.

चांगल्या कापलेल्या लाकडाला १२० लागतच नाही. थेट २४० ने सुरुवात केली, लेथ थांबवून उभं घासलं, प्रत्येक नंबरनंतर कोरड्या ब्रशने झाडलं. शेवटी शिवणीच्याच सालींची मूठ फिरत्या दांड्यावर दाबून धरली. त्याने जी मऊ चमक येते ती कुठल्याही पेपराने येत नाही. मग पॉलिशआधी प्रत्येक दांडा नुसत्या स्पिरिटने ओला करून पाहिला. डाग असता तर तिथेच उठला असता. सात वेळा श्वास धरला आणि सातही वेळा लाकूड स्वच्छ निघालं.

पॉलिश संपेपर्यंत रात्रीचे पावणेदहा झाले. कोरडी थंडी होती म्हणून निभावलं. पावसाळ्यात त्या घाईत चपडा पांढुरका पडला असता.

दुसऱ्या दिवशी जोडणी करून संध्याकाळी पाळणा पोचवला. सात दांडे मिलिमीटरभर बारीक झाले होते, म्हणून ते चार कोपऱ्यांजवळ वाटून बसवले. काय झालं ते आजींना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला नाही. प्रत्येक दांड्यावरून तळवा फिरवत गेल्या आणि सव्विसाव्यापाशी थांबल्या.

"ह्यो?"

"तोच, आजी."

त्यांनी नाक जवळ नेलं. "वास येता. उद्या येवचो नाय मां?"

वाऱ्यावर ठेवा, म्हटलं. त्यांनी पाळणा लोट्यावर, म्हणजे पडवीत, आढ्याला टांगायला लावला आणि रात्रभर तो तिथे रिकामाच हलत राहिला.