मराठी असून कन्नड पुस्तकं कशाला?

हा प्रश्न मला कोल्हापूर-पुण्याकडचे नातेवाईक विचारतात आणि बेळगावातले आपले लोकही विचारतात. तिकडच्यांना नवल वाटतं. इकडच्यांच्या आवाजात थोडी नाराजी असते, आणि ती मला समजते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आमचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि साधा कागद मराठीत मिळावा म्हणून इथे अजून भांडावं लागतं. त्या बाबतीत माझं मत आमच्या गल्लीतल्या कुणाहीपेक्षा वेगळं नाही. पण कचेरीतून येणारी कन्नड निराळी आणि मी संध्याकाळी मांडीवर घेऊन बसते ती निराळी. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझं माहेर निपाणीचं, सासर बेळगावातल्या शहापूरचं, शाळा मराठी. बोलण्यापुरती कन्नड इथे बहुतेकांना येते. भाजीवालीशी, रिक्षावाल्याशी, वडगावच्या विणकरांशी बोलताना जीभ आपोआप वळते. वाचन मात्र दुकानांच्या पाट्या आणि बसचे फलक यांच्यापुढे गेलेलं नव्हतं. ते पुढे नेलं शेजारच्या अक्कांनी. त्या मूळच्या धारवाडच्या, कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी सुरुवातच बेंद्र्यांपासून केली. द. रा. बेंद्रे म्हणजे कन्नडचे वरकवी, 'नाकु तंती'साठी १९७३ चं ज्ञानपीठ मिळालेले; आणि त्यांच्या घरची भाषा मराठी! धारवाडात जन्मले, पुढे बरीच वर्षं सोलापूरला कॉलेजात कन्नड शिकवली. अक्का कविता म्हणायच्या तेव्हा मला अर्थ निम्माच लागायचा, पण ठेका जात्यावरच्या ओव्यांच्या फार जवळचा वाटायचा. त्या ठेक्यासाठी मी अक्षरं शिकले.

मराठी पुस्तक मी भरभर वाचते. वाक्य कुठे चाललंय ते आधीच कळतं, म्हणून नजर पुढे पळते आणि वर्णनं तर सरळ सुटतात. कन्नडमध्ये हे जमतच नाही. जोडाक्षरातलं दुसरं अक्षर पहिल्याच्या पायाशी बसलेलं असतं, तिथे नजर खाली उतरवावी लागते. ऱ्हस्व 'ए' वेगळा, दीर्घ 'ए' वेगळा, 'ओ'चंही तेच. आपल्या कानाला हा फरक सुरुवातीला ऐकूच येत नाही. मग मोठ्याने वाचावं लागतं. आणि मोठ्याने वाचलं की पुस्तकातल्या माणसांना आवाज फुटतो. पाऊस पडला, म्हातारी उंबऱ्यावर बसली, एवढ्यावर मी थांबते आणि ती म्हातारी मला दिसते. इतक्या संथ वाचनाचं सुख मला शाळेत वाचायला शिकले तेव्हा मिळालं होतं, त्यानंतर इथेच.

अनुवाद मिळतात की, असं पुढचं वाक्य असतं. मिळतात, आणि मी ते आवडीने वाचते. उमा कुलकर्णी मूळच्या आपल्या बेळगावच्या. भैरप्पा आणि कारंत हे कन्नड कादंबरीकार मराठी घरांत पोचले त्यात त्यांचा वाटा केवढा मोठा! पण चंद्रशेखर कंबारांचं उदाहरण घ्या. ज्ञानपीठ मिळालेला हा लेखक हुक्केरी तालुक्यातल्या घोडगेरीचा, म्हणजे माझ्या माहेरापासून फार लांबचा नाही. त्यांची माणसं या भागातल्या खेड्यात बोलतात तशीच बोलतात. तीच माणसं प्रमाण मराठीत आली की शाळा शिकून आल्यासारखी वाटायला लागतात. निपाणीच्या बाजारात लहानपणी ऐकलेले आवाज मला कंबारांच्या कन्नडमध्येच परत भेटले.

आता चर्चेचं, कारण खरा आनंद तिथे आहे. आम्ही काही जण टिळकवाडीत एका घरी महिन्यातून एकदा जमतो. निम्मे मराठी, निम्मे कन्नड. पुस्तक कन्नड, बोलायचं ज्याला जसं सुचेल तसं. अनंतमूर्तींची 'संस्कार' घेतली होती ती संध्याकाळ सांगते. कादंबरी १९६५ ची. अग्रहारातला, म्हणजे ब्राह्मणांच्या वस्तीतला, नारणप्पा मरतो. त्याने आयुष्यभर आचार मोडलेला, म्हणून त्याला अग्नी कुणी द्यायचा हा पेच. विद्वान प्राणेशाचार्य पोथ्या धुंडाळतात, प्रेत तसंच पडून. आम्ही मराठी मंडळी प्राणेशाचार्यांवर तुटून पडलो: शास्त्र मोठं की माणूस, त्यांचं पाप कोणतं, पुढे ते गावी परततील का. बैलहोंगलचे एक लिंगायत काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्यात सुतक मानत नाहीत हो. माणसाला पुरतात, झालं. त्यामुळे मला तुमचा पेच पेच वाटतच नाही. मला पहिल्यापासून चंद्रीच दिसते. बाकीचे विचार करत बसलेत, काम तिनं उरकलंय." चंद्री म्हणजे नारणप्पाबरोबर राहणारी बाई. ती आधी अंगावरचं सोनं काढून देते, आणि शेवटी रात्री एका मुसलमान ओळखीच्याच्या मदतीने दहन करून मोकळी होते. हे सगळं मी वाचलं होतं, पण माझं लक्ष आचार्यांवर खिळलेलं. काका बोलले आणि माझ्या हातातलं पुस्तक वेगळंच झालं. त्यावरून अक्कांनी प्लेगचं काढलं. कादंबरीत उंदीर मरून पडतात. त्यांच्या आजीने सांगितलेलं, लोक घरं सोडून रानात खोपी घालून राहायचे. तसंच माझ्या सासूबाईही सांगायच्या. मग चहा निवेपर्यंत दोन्ही भाषांत प्लेगच चालला.

आणखी एक. मराठीत मत द्यायचं तर माझ्याकडे तयार शब्द रगड आहेत: भेदक, विलक्षण, अंतर्मुख करणारं. कन्नडमध्ये ते नाहीत. तिथे मला अमुक पानावर अमुक बाई असं का वागली, एवढंच विचारता येतं, आणि तेवढ्यातच बोलणं खोल जातं.

यात मराठी मागे पडते, ही काळजी मी मनापासून ऐकून घेते. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं. तिथलं मराठी पुस्तक माझ्या पिशवीत कायम असतं. कडोली, उचगाव, येळ्ळूर इथल्या साहित्य संमेलनांना मी जाते आणि जात राहणार. हल्ली बैलहोंगलचे काका आपणहून विचारतात, मराठीतलं काय वाचू? त्यांच्यासाठी मी पुस्तकं काढून ठेवते, याचा मला अभिमान आहे.

पुढच्या महिन्यात कारंतांची 'मूकज्जिय कनसुगळु' घेतोय. लहानपणीच विधवा झालेली एक आजी, तिचा नातू, आणि आजीला दिसणाऱ्या गतकाळातल्या गोष्टी. काकांचं म्हणणं, आजी फक्त विचार करते; अक्का म्हणतात, तिला खरंच दिसतं. मी अजून निम्म्यात आहे आणि सध्या अक्कांच्या बाजूने आहे.