आमची वाटचाल : आधी दातेरी चाक, मग लॅपटॉप

कोल्हापुरात आमच्या वर्कशॉपची सुरुवात कार्ब्युरेटरच्या कामाने झाली. जेट बदलणं, फ्लोटची लेव्हल लावणं, डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग जुळवणं. पुढे कंपनीच्या ईसीयूचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचे) सिग्नल थोडे बदलणारे पिगीबॅक बॉक्स आले आणि आता मुख्य काम आहे ते स्टँडअलोन, म्हणजे स्वतंत्र, ईसीयूचं. म्हणजे पेट्रोल किती आणि स्पार्क कधी, दोन्ही पूर्णपणे आपल्या हातात. आमच्याकडे बहुतेक करून कार्ब्युरेटरच्या जुन्या १३०० सीसी जिप्सी येतात. या वाटचालीत आमच्या कामाचा क्रमच उलटा झाला. पूर्वी मॅपपासून, म्हणजे कुठल्या आरपीएमला आणि लोडला किती पेट्रोल आणि कधी स्पार्क याच्या तक्त्यापासून सुरू करायचो. आता मॅपसाठी लॅपटॉप सगळ्यात शेवटी उघडतो.

पहिले दोन दिवस जातात क्रँकच्या सिग्नलवर, कारण क्रँक (पिस्टनने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) कुठे आहे हे ईसीयूला त्यावरूनच कळतं. पुलीवर ३६ उणे १ दात्यांचं चाक बसतं, म्हणजे ३६ जागा आणि त्यातला एक दाता गाळलेला. व्यास १५० मिमी, जाडी ४ मिमी, साधं माइल्ड स्टील, लेझरवर कापलेलं. गंज नको म्हणून ३०४ स्टेनलेसचा आग्रह बरेचजण धरतात. त्याला चुंबक धरत नाही, त्यामुळे दाते चुंबकाने ओळखणाऱ्या व्हीआर सेन्सरला सिग्नलच मिळत नाही. सेन्सर आणि दात्यातली फट ०.८ मिमी, फिलर गेजने चार ठिकाणी तपासलेली. चाक फिरताना ०.२ मिमीपेक्षा जास्त डगमगत असेल तर परत लेथवर. सेन्सरचा ब्रॅकेट ६ मिमी पट्टीचा आणि थेट ब्लॉकला बोल्ट केलेला हवा. पातळ पत्र्याचा ब्रॅकेट वरच्या आरपीएमला थरथरतो, सिग्नल तुटतो, गाडी मिसिंग करते आणि माणसं खोट मॅपमध्ये शोधत बसतात.

गाळलेला दाता टीडीसीपासून (पिस्टन अगदी वर असतो त्या जागेपासून) साधारण ९० अंश लांब ठेवतो. सेल्फ मारताना पिस्टन वर येतो तिथे कॉम्प्रेशनमुळे क्रँक मंदावतो. नेमकी तिथेच मोकळी जागा आली तर ईसीयूचा हिशोब चुकतो आणि इंजिन धरत नाही. सेन्सरच्या दोन तारा उलट लागल्या तरी गाडी चालू होऊ शकते, म्हणूनच ही चूक लपून राहते. आम्ही स्पार्कचं टायमिंग १० अंशांवर लॉक करतो आणि टायमिंग लाईट लावून १०००, ३००० आणि ५००० आरपीएमला पुलीची खूण बघतो. खूण जागची हलायला नको. रेस वाढवल्यावर ती सरकत गेली तर आधी तारा अदलाबदल करायच्या. एवढं झाल्याशिवाय मॅपकडे जायचं नाही.

वायरिंगमध्ये बहुतेक दुखणी अर्थची असतात. सेन्सरचे अर्थ फक्त ईसीयूच्या सेन्सर अर्थ पिनला जातात, बॉडीला कधीच नाही. ईसीयूचे पॉवर अर्थ रंग खरवडून ब्लॉकवर एकाच बोल्टला. कॉईलचा करंट सेन्सरच्या अर्थमधून गेला आणि ०.१ व्होल्टचा फरक पडला, तरी मॅप सेन्सरचं (हा इंजिनच्या मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजतो, वरच्या तक्त्याशी त्याचा संबंध नाही) रीडिंग सुमारे २ केपीए (किलोपास्कल) चुकतं. क्रँक सेन्सरला शील्ड केबल (जाळीचं आवरण असलेली), आणि शील्ड फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ करायचं. जोड क्रिंप करतो, म्हणजे दाबून बसवतो. सोल्डर केलेली तार जोडाच्या कडेला कडक होते आणि कंपनाने तिथेच तुटते. प्लग रेझिस्टरचेच, जसे एनजीकेचे बीपीआर६ईएस. यातलं ‘आर’, म्हणजे रेझिस्टर, महत्त्वाचं. कॉईलमध्ये इग्नायटर (कॉईलचा करंट चालू-बंद करणारा स्विच) आहे की नाही हे तार जोडण्याआधी बघायचं. बिनइग्नायटरची कॉईल ईसीयूच्या लॉजिक आउटपुटला थेट जोडली तर ईसीयूचा ड्रायव्हर जळतो. ड्वेल, म्हणजे कॉईल चार्ज करायचा वेळ, ३ मिलिसेकंदांपासून सुरू करतो. जास्त ठेवलं की कॉईल तापते.

कार्ब्युरेटरचा पंप ०.३ बारच्या आसपास दाब देतो, इंजेक्शनला ३ बार लागतात. जुना होज तिथे टिकत नाही. इंजेक्शनच्या दाबाला चालणारा आर९ दर्जाचा होज आणि इंजेक्शनचे क्लॅम्प लागतात. जिप्सीच्या टाकीत पेट्रोल कमी असताना वळणावर पंप हवा ओढतो, म्हणून मध्ये दीड लिटरची सर्ज टँक (कायम भरलेली राहणारी छोटी टाकी) लावतो. १०० बीएचपीच्या अंदाजाने चार इंजेक्टरना प्रत्येकी मिनिटाला १६५ सीसी पुरतात. आम्ही २०० सीसीचे आणि हाय इम्पीडन्सचे, म्हणजे १२ ते १६ ओहमचे घेतो.

सेल्फ मारण्याआधी एक सोपी परीक्षा, सकाळी थंड इंजिनवर. कूलंट आणि हवेचं तापमान स्क्रीनवर सारखं दिसलं पाहिजे. मॅप सेन्सरने कोल्हापुरात इंजिन बंद असताना ९५ केपीएच्या आसपास दाखवायला हवं. १०१ दाखवत असेल तर कॅलिब्रेशन चुकीचं आहे, कारण तो आकडा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा.  बॅरो करेक्शन (उंचीप्रमाणे बदलणाऱ्या हवेच्या दाबाची दुरुस्ती) चुकलं असेल तर आंबा घाटासारख्या उतारावर लॅम्डा (प्रत्यक्ष हवा-पेट्रोल प्रमाण भागिले आदर्श प्रमाण) हळूहळू सरकतो.

मग मॅप. रनिंगला लॅम्डा १.०, फुल लोडला ०.८६ ते ०.८८. एअर-फ्युएलचा आकडा आम्ही वापरणं सोडलं, कारण शुद्ध पेट्रोलचं १४.७ हे गुणोत्तर ई२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) साधारण १३.५ होतं. जुन्या मॅपवर ई२० भरलं की सात-आठ टक्के पेट्रोल कमी पडतं आणि फुल लोडला इंजिन गरम होतं. इग्निशन मॅप कमी अ‍ॅडव्हान्सपासून (स्पार्क टीडीसीच्या थोडाच आधी) वर नेतो, डायनोवर (इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), कानाला नॉक (पेट्रोल अवेळी पेटल्याचा खडखडाट) ऐकण्याचे हेडफोन लावून. टॉर्क वाढायचा थांबला की तिथेच थांबायचं, नॉक येईपर्यंत नाही.

रस्त्यावरच्या गाड्यांना हे काम आम्ही करत नाही. गाडीच्या नोंदणीतला तपशील कंपनीने दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. फक्त स्पर्धेच्या आणि बंद ट्रॅकवरच्या गाड्या घेतो. गाडी देताना मॅपची फाईल पासवर्ड न लावता देतो आणि तारांच्या रंगांसकट वायरिंगचा नकाशा छापून सोबत देतो, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणालाही ती उघडता येईल.