हौद निवळताना

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या घरामागे सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल असा एक छोटा स्विमिंग पूल आहे. सासूबाई त्याला पहिल्या दिवसापासून हौद म्हणतात, आणि पूल म्हटले की मराठी मनाला आधी नदी आठवत असल्यामुळे मीही तोच शब्द उचलला आहे. त्यात साधारण २१,६०० लिटर पाणी मावते. गेल्या भाद्रपदापर्यंत हा आकडा मला ठाऊकही नव्हता; आता झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन.

आमच्या दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन आम्ही एरवी महापालिकेच्या कृत्रिम तलावात करतो. गेल्या वर्षी पावसाने जोर धरला, रस्ता तुंबला, आणि मूर्ती शाडूची असल्याने विसर्जन घरच्या हौदातच करावे असे मी सुचवले. (सूचना माझी होती, हे घरात अजून कोणी विसरू दिलेले नाही.) सात किलोंची मूर्ती रात्रीतून विरघळली. सकाळी तळाशी बसलेला जाड गाळ आम्ही काढला, दोन बादल्या माती बागेत पसरली आणि उरलेले गढूळपण फिल्टर काढून टाकील या भरवशावर पंप सुरू केला. पंप दोन दिवस अखंड चालला, पण पाणी ताकासारखेच राहिले. पहिल्या पायरीवर ठेवलेला स्टीलचा पेला दिसे, दुसऱ्या पायरीवरचा दिसत नसे. तळ दिसत नसेल तर बुडालेले मूलही दिसणार नाही, म्हणून मुलांना त्या बाजूला फिरकायचीही बंदी केली.

देखभालीला येणाऱ्या माणसाचे निदान एका शब्दाचे होते: क्लोरीन. त्याने ब्लीचिंग पावडर थेट पाण्यावर भुरभुरवली आणि संध्याकाळपर्यंत पाणी आणखी पांढरे झाले. यात नवल काहीच नव्हते. ब्लीचिंग पावडरमध्ये न विरघळणारा चुना असतो, त्यामुळे ती बादलीत कालवून, निवळू देऊन, फक्त वरचे पाणी हौदात ओतायचे असते. शिवाय तिने पाण्याचा सामू (pH) वाढतो. आमचा ८.२ पर्यंत गेला होता, आणि तो साडेसातच्या वर जाऊ लागला की क्लोरीनचा जंतू मारणारा अंश झपाट्याने घटतो. आठच्या पुढे तो पाव हिश्शाच्याही खाली येतो. म्हणजे डबा रिकामा झाला, पाणी अधिक गढूळ झाले आणि क्लोरीन बहुतांशी निकामी ठरले. मुळात क्लोरीन शेवाळ मारते, घामाची घाण जाळते. मातीचे ते काही करू शकत नाही. हे सासूबाईंनी रसायनशास्त्राच्या वाटेला न जाता सांगितले: “अगं, माती मरत नसते. तिला खाली बसवावी लागते. तुरटी फिरव.”

त्यांच्या माहेरी पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी आले की हंड्यात तुरटी फिरवत, आणि त्याआधीच्या पिढीत मडक्याला आतून निवळीचे बी घासत. शाडूचे सूक्ष्म कण एक-दोन मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, तर आमचा वाळूचा फिल्टर साधारण वीस मायक्रॉनपर्यंतचेच कण नीट अडवतो. शिवाय या कणांवर ऋण विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि तरंगत राहतात. अगदी स्थिर पाण्यातही एक मायक्रॉनचा कण दिवसाला जेमतेम आठ-नऊ सेंटीमीटर खाली उतरतो. आमच्या हौदाचा तळ गाठायला त्याला दोन आठवडे लागले असते. तुरटीतले ॲल्युमिनियम तो भार मोडते, कण एकत्र येतात आणि त्यांचे कापसासारखे जड पुंजके तळाशी बसतात.

तरीही अंदाजाने तुरटी ओतायची माझी तयारी नव्हती. आधी पेलाभर पाण्यात व्हिनेगर घातले: चुना विरघळून पाणी किंचित उजळले, बाकीचा ढग तसाच राहिला, म्हणजे मुख्य दोषी माती होती. मग जपून आम्ल घालून (आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नाही) सामू ७.२ वर आणला आणि लोणच्याच्या चार रिकाम्या बरण्यांत हौदाचे एकेक लिटर पाणी घेतले. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम तुरटी विरघळवून त्या द्रावणाचे एक, दोन, तीन आणि पाच मिलिलिटर, मुलांच्या औषधाच्या सिरिंजने, बरण्यांत सोडले, आधी जोरात आणि मग हलक्या हाताने ढवळले. अर्ध्या तासात तिसऱ्या बरणीत पुंजके दिसू लागले, आणि तासाभराने तिच्यातून मागच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचता येत होते. पाच मिलिलिटरच्या बरणीने याहून काही अधिक साधले नाही. तीन मिलिलिटर म्हणजे लिटरला तीस मिलिग्रॅम. त्या हिशेबाने हौदाला साडेसहाशे ग्रॅम तुरटी पुरेशी होती.

ती विरघळवून सगळीकडे सारखी ओतली, फिल्टरवरचा, पाण्याची वाट बदलणारा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह ‘रिसर्क्युलेट’वर ठेवून म्हणजे वाळूला वगळून पंप तासभर फिरवला आणि रात्रभर बंद ठेवला. सकाळी वरचे पाणी आरपार दिसत होते आणि तळाशी करड्या दुलईसारखा थर होता. हा थर फिल्टरमधून काढायचा मोह होतो, पण तसे केल्यास वाळूचा चिखल होतो. व्हॉल्व्ह ‘वेस्ट’वर ठेवून तो थेट बाहेर सोडावा लागतो. तळातला गाळ ओढणाऱ्या व्हॅक्यूमचे डोके जरा घाईने सरकवले की दुलई फाटून धूर उठत असे, त्यामुळे अठरा चौरस मीटरसाठी मला दोन तास लागले. पातळी दहा सेंटीमीटरने उतरली, म्हणजे अठराशे लिटर पाणी गेले. खोल कोपऱ्यात मूर्तीच्या मुकुटावरचा लाल खडा सापडला. तो सासूबाईंनी देवघरात ठेवला.

तुरटी पाण्याची क्षारताही (सामू स्थिर ठेवणारी ताकद) खाते, म्हणून साडेपाचशे ग्रॅम खाण्याचा सोडा घालून ती भरून काढली, फिल्टर बॅकवॉश केला, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून धुतला, आणि क्लोरीन लिटरला दोन मिलिग्रॅमवर आणले. मुले तिसऱ्या दिवशी पाण्यात उतरली.

एका शेजाऱ्यांनी यावर अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय सुचवला होता. तो प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीसाठी आणि बादलीपुरताच आहे. हौदात अमोनिया गेला तर तो सगळे क्लोरीन गिळतो आणि डोळे झोंबवणारे क्लोरामाइन तयार होते. यंदा मूर्ती शाडूचीच असेल आणि तिच्यासाठी माळ्यावरचे मोठे घंगाळ खाली काढले आहे.