गोलपोस्टच्या मागे

दादाची टीम खेळायची तेव्हा माझी जागा ठरलेली असायची, गोलपोस्टच्या मागे. जाळी नव्हती. गोल होवो नाहीतर हुको, चेंडू आणायला पळायचं मीच. असं दोन-तीन वर्षं चाललं. चेंडू परत करताना हाताने न फेकता किक मारायची, एवढीच माझी चैन. एकदा तो थेट मधल्या रेषेवर जाऊन पडला. सगळे क्षणभर थांबले, मग खेळ पुढे सुरू.

परवा फोनवर त्याच दादाशी जुंपली. त्याचं म्हणणं, ज्या देशाचा फुटबॉल चांगला तो देश आतूनही बरा चाललेला असतो. मैदानं, शिस्त, पोरांचं खाणंपिणं, सगळं त्यात आलं.

म्हटलं, मग ब्राझीलचं काय? 1958, 1962, 1970, बारा वर्षांत तीन विश्वचषक. पेले, गारिंचा, सगळं खरं. पण त्या सगळ्या काळात तिथे बायकांना फुटबॉल खेळायला कायद्याने मनाई होती. 1941 मध्ये, राष्ट्राध्यक्ष वर्गास यांच्या राजवटीत हुकूम निघाला की स्त्रीच्या प्रकृतीला न मानवणारे खेळ तिने खेळू नयेत. तो उठला 1979 साली. अर्धा देश गोलपोस्टच्या मागे, आणि जग म्हणतंय की यांच्या रक्तातच फुटबॉल आहे!

इंग्लंडचं तर मला जास्तच लागतं. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका आल्या आणि कामाच्या सुट्टीत फुटबॉल खेळायला लागल्या. प्रेस्टनच्या एका कारखान्यातल्या बायकांचा संघ "डिक, कर लेडीज" 26 डिसेंबर 1920 ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर खेळला तेव्हा 53 हजार लोक आले होते. पुढच्याच डिसेंबरात तिथल्या फुटबॉल असोसिएशनने ठरवलं की हा खेळ बायकांना शोभत नाही, आणि आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद करून टाकली. सुमारे 50 वर्षं! युद्ध संपलं, पुरुष परतले, बायकांच्या हातची कामं गेली, पाठोपाठ मैदानही गेलं. मला तरी या दोन वेगळ्या घटना वाटत नाहीत.

मग दादाने आयव्हरी कोस्टच्या द्रोग्बाला काढलं, तिथला सगळ्यात गाजलेला फुटबॉलपटू. काढणारच होता. ऑक्टोबर 2005, आयव्हरी कोस्ट पहिल्यांदा विश्वचषकासाठी पात्र, देशात यादवी, आणि हा ड्रेसिंग रूममध्ये कॅमेऱ्यासमोर सोबत्यांसह गुडघ्यांवर बसून विनवतोय की शस्त्रं खाली ठेवा. 2007 मध्ये राष्ट्रीय संघाचा सामना बंडखोरांच्या ताब्यातल्या बुआके शहरात झालासुद्धा. काटा येतो अंगावर, नाही कशाला म्हणू? पण 2010 च्या शेवटी निवडणुकीवरून पुन्हा पेटलंच.

एका बाबतीत मात्र मी दादाचं थोडं मानलं. आइसलँड. वस्ती तेव्हा साडेतीन लाखांच्याही आत, आणि 2016 च्या युरोमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, त्यांनी इंग्लंडला 2-1 ने घरी पाठवलं. दोन प्रशिक्षकांपैकी एक पेशाने दातांचा डॉक्टर. दादाला तो डॉक्टरच फार आवडतो. मला आवडतं ते आधीचं: कडाक्याच्या थंडीतही खेळता यावं म्हणून 2000 पासून उभी राहिलेली छताखालची मैदानं, आणि अगदी चिमुरड्यांनाही शिकवायला रीतसर शिकलेले कोच. पोरं दारूकडे वळतायत हे दिसल्यावर त्यांची संध्याकाळ खेळाने भरायची, हा विचारही तिथे याच सुमाराचा. आणि युरोमध्ये आधी कोण पोचलं? बायका, 2009 मध्ये. पुरुष सात वर्षांनी.

हे सांगितल्यावर दादा जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू एकदा मागून मधल्या रेषेपर्यंत चेंडू मारला होतास."

इतक्या वर्षांत कधी बोलला नव्हता.

"मग घ्यायचंस ना मला टीममध्ये," मी म्हटलं.

"हो गं. त्या दिवशी आम्ही नऊच जण होतो."